सावलीचं झाड कोणत्या किडीला आवडतं? पानांच्या चकत्यांपासून रोपांच्या निवडीपर्यंत

हुमणीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर जमिनीतून निघतात आणि अंधार पडता पडता कडुलिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर बसून पानं कुरतडतात. त्याच कडुलिंबाला वाळवंटी टोळ मात्र तोंड लावत नाहीत. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड येऊन गेल्यावर हिरवी उरलेली कडुलिंबाची झाडं जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिख श्मुटरर यांच्या नजरेत भरली आणि लिंबातल्या कीडरोधक द्रव्यांच्या अभ्यासाला तिथून वेग आला. काजूवरचा ढेकण्या मात्र याच लिंबाच्या कोवळ्या शेंड्यांतला रस शोषतो आणि शेंडे करपून माना टाकतात. झाड एक, किडी तीन, आणि तिघींचं वागणं निराळं.

म्हणून ‘कीड न लागणारं सावलीचं झाड कोणतं?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. विचारायचं ते असं: आपल्या जागेत कोणत्या किडी आहेत, लावायच्या झाडांपैकी त्यांना कोणतं किती आवडतं, आणि दुसरं काही मिळालं नाही तर त्या त्याच झाडावर जगतील का? यातला शेवटचा भाग बहुतेक वेळा राहून जातो आणि पुढे सगळा घोळ तिथेच होतो. हे तिन्ही प्रश्न साध्या साहित्यात, दोन-तीन आठवड्यांत तपासता येतात.

झाड स्वतःला कसं वाचवतं

अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ आर. एच. पेंटर यांनी १९५१ साली वनस्पतींच्या प्रतिकाराचे तीन प्रकार मांडले, ते आजही कामाला येतात. पहिली नापसंती: कीड झाडावर येत नाही, आली तरी खात नाही किंवा अंडी घालत नाही. दुसरी प्रतिजैविकता: कीड खाते, पण खाल्ल्यावर तिची वाढ खुंटते, ती मरते किंवा तिची अंडी कमी होतात. तिसरी सहनशीलता: कीड खाते, वाढते, आणि झाड पुन्हा पालवून उभं राहतं. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत. एका चाचणीत तिन्ही दिसत नाहीत.

पानाची संरक्षणाची साधनं अनेक असतात: जाड कडक पृष्ठभाग, लव, टॅनिनसारखी द्रव्यं, चीक. चिकाचं काम बघायचं असेल तर कण्हेरीवर किंवा फायकस कुळातल्या झाडावर वाढणारी, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची आणि पाठीवर लांब मऊ शिंगं असलेली ‘कॉमन क्रो’ फुलपाखराची अळी शोधा. ती पानावर आल्या आल्या खायला लागत नाही. आधी देठाजवळ किंवा मधल्या शिरेवर चावे घेते. चिकाचा थेंब बाहेर येतो, पुढच्या भागातला चिकाचा दाब उतरतो, पान लोंबतं. मग अळी त्या लोंबत्या भागाकडे जाऊन निवांत खाते. चीक कितीही दाट असला तरी चिकाची नळी तोडायची युक्ती जिला येते तिच्यापुढे तो चालत नाही. उलट अशा किडीला त्या झाडावर स्पर्धक कमी मिळतात.

रसायनांचंही तसंच. १९१० साली फेरशाफेल्ट या संशोधकाने कोबीवरच्या अळ्यांना एरवी न खाल्ल्या जाणाऱ्या पानांवर मोहरीवर्गातल्या वनस्पतीचा रस लावून दिला, तर त्या ती पानं खाऊ लागल्या. इतरांना तिखट लागणारं द्रव्य या अळ्यांसाठी ओळखीची खूण ठरलं होतं. पानाला वास उग्र आहे, चव कडू आहे, एवढ्यावरून ते किडीपासून सुरक्षित आहे असं मानू नका.

आणि पानाचं वय. कोवळ्या पानात पाणी आणि नत्र जास्त, कडकपणा कमी. जून पानात उलट. पॉल फीनी यांनी १९७० साली ओकच्या पानांवर दाखवलं की मोसम पुढे सरकतो तसं टॅनिन वाढतं, पाणी आणि प्रथिनं घटतात, आणि म्हणून वसंतात पालवीच्या वेळीच बाहेर पडणाऱ्या अळ्यांचं फावतं. तुमची चाचणी कोणत्या वयाच्या पानावर झाली, यावर तिचा निकाल उलटासुलटा होऊ शकतो.

पायरी १: खाणारा कोण ते आधी ठरवा

पानाच्या कडेपासून अर्धवर्तुळाकार चावे असतील तर अळी किंवा भुंगेरा. शिरांची जाळी उरली असेल तर लहान अळ्या किंवा छोटे भुंगेरे. पानात नागमोडी पांढरी रेघ म्हणजे नागअळी. गाठी म्हणजे गाठमाशी किंवा सिला (रस शोषणारी बारीक कीड). पानं चिकट आणि काळपट झाली असतील तर मावा, पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड. खोडावर भुसा आणि विष्ठेची जाळीदार पट्टी म्हणजे साल खाणारी अळी, गोल भोकातून भुसा म्हणजे खोडकिडा.

सकाळी नुकसान दिसतं, गुन्हेगार दिसत नाही. सूर्यास्तानंतर अर्ध्या-एक तासाने टॉर्च घेऊन फांद्या बघा. हुमणीसारखे भुंगेरे तेव्हाच सापडतात. दिवसा सापडलेल्या एखाद्या निरुपद्रवी किड्यावर सगळा दोष जाणं ही नेहमीची चूक आहे.

पायरी २: उभ्या झाडांची मोजणी

एका जातीची निदान १० झाडं घ्या. प्रत्येक झाडाच्या चारही दिशांना एकेक डहाळी, दर डहाळीवर १० पानं, म्हणजे झाडामागे ४० पानं. प्रत्येक पानाला गुण द्या: काहीच खाल्लेलं नसेल तर ०, १० टक्क्यांपर्यंत १, २५ टक्क्यांपर्यंत २, ५० टक्क्यांपर्यंत ३, त्याहून जास्त ४. चांगली पानं निवडून मोजायचा मोह होतो, म्हणून टोकाकडून देठाकडे ओळीने जा.

इथे दोन फसगती होतात. संपूर्ण खाल्लेलं पान दिसतच नाही, त्यामुळे सर्वाधिक खाल्लेलं झाड कागदावर बरं वाटतं. डहाळीवर उरलेले देठ आणि पानगळीचे ताजे व्रण मोजा, आणि किडीमुळेच गेलेलं आहे अशी खात्री असेल तिथे ४ गुण धरा. दुसरी फसगत उलट दिशेची: कोवळ्या पानावर पडलेलं छोटं भोक पान वाढताना पानाबरोबर मोठं होतं. आज दिसणारं मोठं भोक म्हणजे तेवढंच खाल्लं असं नाही.

अळ्या उंचावर असतील तर झाडाखाली एक चौरस मीटर पांढरं कापड २४ तास अंथरा आणि विष्ठेच्या गोळ्या मोजा. पाऊस पडला तर तो दिवस सोडून द्या. पालवी फुटल्यापासून दर १०-१५ दिवसांनी ही मोजणी करा आणि पालवीची तारीखही लिहा. ती शेवटी लागणार आहे.

पायरी ३: निवडीची चाचणी

आता दोन झाडं समोरासमोर: एक ‘ओळखीचं’, म्हणजे ही कीड हमखास खाते असं, आणि दुसरं तुम्हाला तपासायचं.

साहित्य: ९ सेंमीच्या १० ते २० पेट्री डिश किंवा तेवढ्याच झाकणाच्या डब्या, गाळणकागद, २० मिमी व्यासाचा बूच-छेदक, मऊ ब्रश, आलेखाचा कागद. छेदक नसेल तर धारदार कडेची पत्र्याची नळी चालते.

पानं सकाळी तोडा, ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत न्या आणि त्याच दिवशी वापरा. दोन्ही झाडांची पानं सारख्या वयाची घ्या: शेंड्याकडून मोजत आलेलं पहिलं पूर्ण उघडलेलं पान सोडून त्याखालचं. एकाचं उन्हातलं आणि दुसऱ्याचं सावलीतलं असं करू नका, कारण उन्हातली पानं जाड असतात आणि त्यांत संरक्षक द्रव्यंही सहसा जास्त असतात. आणि पानं कमीत कमी ५ वेगवेगळ्या झाडांची घ्या. एकाच झाडाची २०० पानं तपासली तरी चाचणी त्या एका झाडाचीच होते, जातीची होत नाही.

डिशमध्ये गाळणकागद ठेवून सुमारे १ मिली पाणी टाका. कागद ओला हवा, पण थेंब साचता कामा नये. लहान अळ्या त्यात बुडतात आणि चकत्या कुजतात. मधली शीर टाळून चकत्या कापा. दोन ओळखीच्या, दोन तपासायच्या, डिशच्या कडेने एकाआड एक मांडा. मधोमध तिसऱ्या किंवा चौथ्या अवस्थेतली (म्हणजे दोनदा किंवा तीनदा कात टाकलेली), नुकतीच कात टाकून सावरलेली एक अळी सोडा. आधी ३-४ तास उपाशी ठेवलेली. कात टाकायच्या बेतात असलेली अळी काहीच खात नाही आणि तिची डिश वाया जाते. भुंगेरे वापरत असाल तर डिशवर अंधार ठेवा.

गुलमोहर, वर्षावृक्ष यांच्या बारीक पर्णिकांच्या चकत्या निघत नाहीत. तिथे सारख्या वजनाचे पर्णिकांचे तुकडे घ्या, देठाला ओला कापूस गुंडाळा आणि मोजमाप वजनावर करा. प्रत्येक मांडणीबरोबर अळी नसलेल्या दोन डिश ठेवाव्यात, म्हणजे चकत्या नुसत्या सुकून किती आकसल्या ते कळतं.

थांबायचं केव्हा, हे सगळ्यात महत्त्वाचं. आवडत्या चकत्यांचा अर्धा भाग संपला की लगेच अळी काढा. रात्रभर तसंच ठेवलं तर आवडतं संपवून अळी नावडत्याकडे वळते, आणि सकाळी दोन्ही सारखीच खाल्लेली दिसतात. २० मिमीची चकती ३१४ चौरस मिलिमीटरची असते, म्हणजे दोन चकत्यांचे मिळून ६२८. आलेखाच्या कागदावर ठेवून उरलेले चौकोन मोजा आणि वजा करा.

पसंतीचा अंक असा काढा: तपासायच्या पानाचं खाल्लेलं क्षेत्र गुणिले २, भागिले दोन्ही पानांचं मिळून खाल्लेलं क्षेत्र. समजा तपासायचं ४८ आणि ओळखीचं १९२ चौरस मिलिमीटर खाल्लं, तर ९६ भागिले २४०, म्हणजे ०.४. अंक १ च्या आसपास असेल तर दोन्ही सारखीच, १ पेक्षा जेवढा कमी तेवढं नावडतं, जास्त असेल तर तुमचं नवं झाड जुन्याहूनही आवडीचं.

सरासरीवर विसंबण्याआधी डिश मोजा. १० पैकी ९ किंवा १० डिश एकाच बाजूला झुकल्या तर तो योगायोग असण्याची शक्यता सुमारे २ टक्के. १० पैकी ७ किंवा अधिक एका बाजूला झुकणं मात्र पसंतीत काहीच फरक नसतानाही तीनात एकदा घडतं. सातवर निर्णय घेऊ नका, आणखी १० डिश मांडा.

एक गोष्ट निकाल हळूच बिघडवते. अळी ज्या पानावर वाढली त्याची तिला सवय लागते. तंबाखूवर्गातल्या वनस्पतींवरच्या शिंगवाल्या अळ्यांमध्ये हे १९६८ मध्येच दाखवलं गेलं. ओळखीच्या झाडावरूनच अळ्या आणल्या तर तुमचं नवं झाड उगीचच नावडतं ठरेल. अंडी आणून पिल्लांना चाचणीच्या अवस्थेपर्यंत एखाद्या तिसऱ्याच खाद्यझाडावर वाढवणं उत्तम.

पायरी ४: पर्याय न देता खायला घाला

ही चाचणी टाळली जाते, आणि खरा प्रतिकार तर हिच्यातच दिसतो. नुकत्या तिसऱ्या अवस्थेत आलेल्या अळ्यांचे प्रत्येकी १० चे तीन गट करा. प्रत्येक गटाचं एकत्र वजन मिलिग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर घ्या. पहिल्या गटाला फक्त ओळखीचं पान, दुसऱ्याला फक्त तपासायचं, तिसऱ्याला नुसता ओला कागद. पान दर २४ तासांनी बदला, विष्ठा काढा, चौथ्या दिवशी पुन्हा वजन करा आणि जमलं तर कोष होईपर्यंत ठेवा.

तिसरा, उपाशी गट का? समजा दुसऱ्या गटातल्या अळ्या मेल्या. त्या उपाशी गटाइतक्याच वेगाने मेल्या आणि विष्ठा जवळजवळ नाही, तर त्यांनी खाल्लंच नाही. विष्ठा भरपूर आहे आणि तरी मेल्या किंवा वाढल्या नाहीत, तर पान त्यांना अंगी लागत नाही. उदाहरणार्थ, ०.३० ग्रॅमचा गट ओळखीच्या पानावर १.२० ग्रॅम झाला आणि नव्या पानावर विष्ठा असूनही ०.४५ वरच अडला, तर ती प्रतिजैविकता.

आता दोन्ही निकाल शेजारी ठेवा. निवडीत नाकारलं आणि पर्याय नसताना आनंदाने खाल्लं, वाढल्या, कोष झाले: हे झाड फसवं आहे. शेजारी आवडतं झाड उभं आहे तोवरच ते वाचेल. सगळी रांग याच झाडाची लावली की कीड त्यावर उतरणार. स्पॉन्जी मॉथ या पतंगाच्या लहान अळ्या सूचिपर्णी झाडांवर सहसा तग धरत नाहीत, पण ओकची पानं संपवून मोठ्या झालेल्या अळ्या शेजारच्या पाइन आणि हेमलॉकवर चढतात. निष्पर्ण झालेला ओक पुन्हा पालवतो, पण हेमलॉक एकदा पूर्ण खाल्लं गेलं की बहुधा मरतं.

दोन्ही चाचण्यांत टिकलं ते झाड त्या किडीपुरतं भरवशाचं. आणि खाल्लं तरी सहज पालवणाऱ्या झाडाबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: लाकडासाठी ते चालेल, बाकाशेजारी किंवा अंगणात सावलीसाठी नको. सागावरची पानं खाणारी अळी साग मारत नाही, पण काही दिवसांत झाड उघडं करते, आणि झाडाखाली बसणाऱ्याला सावली तेव्हाच हवी असते. केसाळ अळ्यांची खाज वेगळीच. त्यांना हाताळताना हातमोजे हवेतच.

पायरी ५: रस शोषणाऱ्या किडी आणि खोडकिडे

यांना चकत्या चालत नाहीत. रसशोषकांसाठी कुंडीतली रोपं घ्या, सगळी एका उंचीची, कोवळे शेंडे फुटलेली. कीडग्रस्त डहाळी प्रत्येक रोपाजवळ सारख्या अंतरावर ठेवा, कुंड्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि ७, १४, २१ दिवसांनी शेंड्याच्या १० सेंमी भागावरची पिल्लं भिंगाने मोजा. सुबाभळीवरच्या सिलाने १९८० च्या दशकात पॅसिफिक बेटांपासून आशियापर्यंत सुबाभूळ झोडपली, तेव्हा त्याच प्रजातिगटातल्या ल्युसिना कोलिन्सी आणि ल्युसिना पॅलिडा बऱ्याच अंशी टिकल्या. नात्यातली झाडंसुद्धा इतकी वेगळी वागतात. रोपवाटिकेत ‘टिकलेल्या झाडाचं बी’ मिळालं तर खूश होऊ नका. बियांतून आलेलं रोप आईसारखं असेलच असं नाही, छाटकलम किंवा कलम मागा.

खोडकिड्यांच्या बाबतीत झाडाची ताकद फार मोठी गोष्ट आहे. निलगिरीवरच्या लांब शिंगांच्या भुंगेऱ्याची पिल्लं सालीत पुरेसा ओलावा असेल तर आत शिरूच शकत नाहीत. पाण्याचा ताण पडलेल्या झाडात सहज शिरतात. ॲश या झाडावरचा पन्ना रंगाचा भुंगेरा २००२ साली अमेरिकेत डेट्रॉइटजवळ ओळखला गेला. तिथली ॲश निरोगी असतानाही मेली, पण त्याच किडीबरोबर पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली मांचुरियन ॲश बरीच तग धरते, आणि तीही दुष्काळात ढासळते. म्हणून नवीन झाडाला पाणी दिल्यावर लोखंडी सळई ३०-४५ सेंमी सहज आत जाते का पाहा. वरचा थर भिजवून समाधान मानू नका. खोडाला माती लावून ढीग करू नका आणि गवतकापणीच्या यंत्राने साल सोलू देऊ नका.

नत्राचा हात आखडता ठेवा. भरमसाठ युरियाने शेंडे लुसलुशीत होतात आणि मावा, पिठ्या ढेकूण, सिला यांची चंगळ होते. जातीचा प्रतिकार खतामुळे कमी झाल्यासारखा दिसतो तो असा.

मुंग्यांकडे नीट बघा. वर्षावृक्षाच्या पानदेठावर गोड रस पाझरणाऱ्या ग्रंथी असतात. त्यासाठी फिरणाऱ्या मुंग्या अळ्या हुसकावतात, तेव्हा त्यांना हात लावू नका. पण मुंग्यांची रांग पिठ्या ढेकणांच्या पुंजक्यांशी थांबत असेल तर त्या किडीची राखण करत आहेत आणि परोपजीवी माशांना जवळ येऊ देत नाहीत. तेव्हा खोडाभोवती कापडाची पट्टी घट्ट बसवून तिच्यावर चिकट लेप लावा. लेप थेट सालीवर लावला तर साल खराब होते.

पायरी ६: लावायची यादी

अमेरिकन एल्म ही झाडं डच एल्म नावाच्या रोगाने गेली, तो रोग सालीतल्या भुंगेऱ्यांनी पसरवला. त्या जागी अनेक ठिकाणी ॲश लावली गेली, आणि मग ॲशचा भुंगेरा आला. १९९० साली अमेरिकन वृक्षशास्त्रज्ञ फ्रँक सँटामोर यांनी सुचवलेलं प्रमाण यासाठीच आहे: एकूण झाडांत एक जात १० टक्क्यांहून, एक प्रजाती (जवळच्या नात्यातल्या जातींचा गट) २० टक्क्यांहून आणि एक कुळ ३० टक्क्यांहून जास्त नको. ६० झाडं लावायची तर एका जातीची ६, एका प्रजातीची १२, एका कुळाची १८.

यादी करताना नावांनी फसू नका. गुलमोहर, वर्षावृक्ष, करंज, शिरीष, बहावा, पांगारा, सुबाभूळ ही सात झाडं दिसायला सात तऱ्हांची, पण सगळी एकाच शिंबी कुळातली. वड, पिंपळ, उंबर, नांदरुख तर एकाच प्रजातीतले. निवडीच्या चाचणीत नावडतं आणि पर्यायाविना चविष्ट ठरलेलं झाड लावायचंच असेल तर ते विखरून लावा. आवडत्या झाडाला अगदी चिकटून नको, आणि सलग रांगेतही नको.

वाचलेलं झाड खरंच टिकाऊ आहे का

मोजणीत एखादं झाड शेजाऱ्यांपेक्षा स्वच्छ दिसतं. त्याची छाटकलमं करायला धावण्याआधी पालवीच्या तारखा बघा. ते शेजाऱ्यांच्या आधी किंवा नंतर पालवलं असेल तर कीड फक्त चुकली असेल, पान चविष्टच असेल. तपासणी सोपी आहे. दुसऱ्या मोसमात, त्या झाडावर कोवळी पालवी असताना, ३०-४० सेंमी लांबीच्या फांदीवर मलमलीची पिशवी चढवा. फांदीवरचे अळ्या खाणारे मित्रकीटक आणि कोळी आधी झटकून काढा. १० लहान अळ्या सोडून दोन्ही तोंडं सुतळीने बांधा. त्याच दिवशी शेजारच्या खाल्ल्या जाणाऱ्या झाडावरही तितक्याच लांबीच्या फांदीवर तशीच पिशवी बांधा. प्रत्येक झाडावर निदान ५ पिशव्या हव्यात. चौथ्या दिवशी उघडून जिवंत अळ्या आणि खाल्लेली पानं मोजा. पिशव्या सोडताना अळ्या झाडावर टाकून देऊ नका, साबणाच्या पाण्यात टाका, आणि बाहेरून आणलेली कीड या चाचणीसाठी कधीही वापरू नका. त्या झाडावरच्या पिशव्यांतही पानं शाबूत राहिली तरच छाटकलमाची कात्री बाहेर काढा.